कचारगडची शिळा आणि महासंमताचा दंड

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, धनेगावाहून डोंगराची वाट चढत, हजारो गोंड स्त्रीपुरुष कचारगडच्या गुहेकडे जातात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानक त्या दिवसांत गजबजून जाते. डोक्याला पिवळे फेटे, हातात सप्तरंगी ध्वज, मिरवणुकीत पेन म्हणजे देवता, आणि भेटेल त्याला 'जय सेवा'. याच पौर्णिमेला तथागतांनी वैशालीच्या चापाल चेतियापाशी आयुसंस्काराचा त्याग केला व तीन महिन्यांनी आपले परिनिर्वाण होईल असे सांगितले, असे बौद्ध परंपरा मानते. तिथी एक आली हा योगायोग आहे आणि आम्ही त्याला योगायोगच मानतो. कचारगडची गुहा हे मूळचे बौद्ध लेणे असले पाहिजे, लिंगो हा बुद्धच असला पाहिजे, असे म्हणण्याचा मोह आपल्यातील काही लेखकांना होतो. ज्या समाजाने आपल्या स्मृतींचे अपहरण शतकानुशतके सोसले आहे, त्या समाजाने दुसऱ्याच्या स्मृतीचे अपहरण करू नये, एवढेच त्यावर आमचे म्हणणे आहे.

आमचा विषय वेगळा आहे. यात्रेतील व्याख्यानांत व पुस्तिकांत एक प्रतिपादन पुनःपुन्हा येते: कोया समाजाला राजा नव्हता, शिपाई नव्हता, तुरुंग नव्हता, लिंगोने घालून दिलेल्या पुनेमावर म्हणजे सत्यमार्गावर तो समाज आपोआप चालत होता. अलीकडे आमच्याच शिकलेल्या तरुणांतही याचे प्रतिध्वनी उमटू लागले आहेत. भिक्खुसंघाला शास्ता गेल्यावर कोणी अधिपती नव्हता, तरी तो अडीच हजार वर्षे टिकला; मग समाजाला शासनाची गरजच काय, असा प्रश्न ते विचारतात. प्रश्न पोरकट नाही. गांधीजींनी आदर्श समाज राज्यसंस्थेवाचून चालेल असे मानले, विनोबांनी शासनमुक्त समाजाची भाषा केली, मार्क्सवाद्यांनी राज्यसंस्था एके दिवशी विरून जाईल असे सांगितले. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पिएर क्लास्त्र यांनी १९७४ साली दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी समाजांविषयी असे मांडले की, राज्यसंस्था निर्माण करणे त्यांना जमले नाही असे नसून ती निर्माण होऊ नये याची त्यांनी दक्षता घेतली. तेव्हा कचारगडचा दावा एकटा नाही. परंतु ज्या कथेच्या आधारावर तो उभा आहे ती कथा त्याला आधार देते काय, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. आणि संघाचे उदाहरण देणाऱ्यांनी विनयपिटक उघडून पाहिले आहे काय, हेही.

लिंगोच्या कथेची जी जुनी लिखित प्रत आपल्या हाती आहे, ती नागपूरच्या परिसरात काम करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून उतरवून घेतलेल्या गीताची. हिस्लॉप १८६३ साली वारले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या गीतावर हिंदू कथांचे दाट लेप आहेत, त्यामुळे त्याचा उपयोग जपून केला पाहिजे. दुसरे कथन नागपूरचे भाषाभ्यासक आचार्य मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे. ते त्यांनी 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' या हिंदी ग्रंथात मांडले. आज कचारगडच्या यात्रेला जे रूप आहे, त्याला घडवणाऱ्यांत कंगालींचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सिंधू लिपीविषयीची त्यांची मते आम्हांला पटत नाहीत. पण एका विखुरलेल्या समाजाला त्याच्या कथेचे स्थान नकाशावर दाखवून देणे हे सामान्य काम नव्हे.

दोन्ही कथनांचा सांगाडा असा. गोंडांचे पूर्वज एका गुहेत कोंडले जातात व तिच्या तोंडावर प्रचंड शिळा ठेवली जाते. हिस्लॉपच्या गीतात कोंडणारा महादेव आहे, आणि कोंडण्याचे कारण त्या लोकांची अस्वच्छता व वाटेल ते खाणे हे आहे. हे कारण वाचताना आमच्या वाचकांना काही आठवल्यावाचून राहणार नाही. या गीतात गुहा महादेवाच्या डोंगराच्या अंगाला आहे, आणि काचिकोपा लोहागड हे नाव निसटलेल्या चार भावांच्या आश्रयस्थानाचे आहे. कचारगडच्या परंपरेत ही दोन्ही स्थाने एक झाली आहेत. कंगालींच्या कथनात कोंडलेली ती कली कंकालीची तेहतीस मुले. त्यांना रायतार जंगो सांभाळते, लिंगो त्यांच्या मुक्तीसाठी येतो आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने शिळा हलते. शिळा सरकते, मुले बाहेर येतात, आणि हिरासुका त्याच शिळेखाली चिरडून मरतो. यात्रेकरू त्याचे स्मरण आजही करतात. शस्त्राने नव्हे तर स्वराने उघडलेला तुरुंग ही कल्पना कोणत्याही वाङ्मयाने अभिमान बाळगावा अशी आहे.

आता पुढचा भाग. मुक्त झालेल्या मुलांना लिंगो 'जा, आता तुम्हांला कोणाचेच बंधन नाही' असे म्हणत नाही. तो त्यांची सगांत विभागणी करतो, प्रत्येक सगाच्या देवांची संख्या ठरवतो, एका सगात सोयरीक होणार नाही असा निर्बंध घालतो; परंपरा साडेसातशे गोत्रांचा हिशेब सांगते. हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात चार, पाच, सहा व सात देवांच्या या सगांचे जे वर्णन केले आहे, ते वाचले म्हणजे किती बारीक विणीची ही व्यवस्था होती ते कळते. कोणी कोणाशी विवाह करावा, मृताच्या क्रियेत कोणत्या सगाच्या माणसाने काय करावे, हे सारे ठरलेले. म्हणजे कथेच्या दृष्टीने शिळेच्या बाहेरचे पहिले पाऊल नियमात पडते. येथे राजा नाही हे खरे. पण 'शासन' हा शब्द पालीत कोणत्या अर्थाने येतो हे आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. 'सासन' म्हणजे उपदेश, अनुशासन, बुद्धसासन. त्या अर्थाने लिंगोने शासनच घालून दिले. ज्याला आपण सरकार म्हणतो, ते त्यात नव्हते.

मग नियम मोडणाऱ्याचे काय होत होते? कचारगडचा दावा करणारे येथे गप्प असतात. गीत मात्र गप्प नाही.

हिस्लॉपच्या गीतात लिंगो त्या चार भावांना भेटतो, त्यांना शेती शिकवतो, रिकाड गवडीच्या शेतातून विस्तव आणतो. त्या म्हाताऱ्याच्या सात मुली चौघा भावांच्या बायका होतात. लिंगो ब्रह्मचारी राहतो. पुढे त्या बायका लिंगोला मोहात पाडू पाहतात, तो त्यांना मारून पिटाळतो, आणि त्या नवऱ्यांपाशी उलटा आळ घेतात. भाऊ काय करतात? ते लिंगोला काही विचारत नाहीत. शिकारीच्या निमित्ताने त्याला रानात नेतात आणि ठार करतात. ज्याने विस्तव दिला, भात दिला, त्याला त्याच्याच माणसांनी एका बाजूचे ऐकून मारले. पुढे त्याला अमृताने पुन्हा जिवंत केले जाते, आणि गुहेतील गोंडांची सुटका तो त्यानंतर करतो.

यात्रेत सांगितल्या जाणाऱ्या कथेत हा वध आम्हांला ऐकू आला नाही. एका वृद्ध परधानाला आम्ही त्याबद्दल विचारले. 'ते आहे, पण ते रात्रीच्या बैठकीत गायचं, यात्रेत नाही,' एवढेच तो म्हणाला. आमच्या मते या गीतातील सर्वांत खोल जागा हीच आहे. राजा नसलेल्या, तुरुंग नसलेल्या चार भावांच्या त्या समाजात पहिला न्यायनिवाडा झाला तो असा: आरोप झाला आणि शिक्षा झाली, मध्ये काहीच नव्हते.

जवळजवळ याच घटनेची कथा विनयपिटकात आहे. दब्ब मल्लपुत्त हा संघातील राहण्याची व भोजनाची व्यवस्था पाहणारा भिक्खू. आपल्या वाट्याला वाईट अन्न आले, हे त्याचेच कृत्य, असे वाटून मेत्तिय-भुम्मजक गटाच्या भिक्खूंनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला पुढे करून त्याच्यावर शीलभ्रष्टतेचा आळ घेतला. तथागतांनी संघ एकत्र बोलावला, दब्बाला सर्वांसमक्ष उभे केले आणि असे कृत्य केल्याचे तुला आठवते काय, असे त्याला पुनःपुन्हा विचारले. दब्बाने नाकारले, कट उघडकीस आला, आणि संघाने विधिपूर्वक ठराव करून त्याला 'सतिविनय' दिला, म्हणजे त्याची स्मृती निर्मळ आहे असे जाहीर केले. आरोपी समोर असल्यावाचून त्याच्याविरुद्ध कर्म करू नये, हा नियम विनयात स्पष्ट आहे. लिंगो मेला तो या एका नियमाच्या अभावी. (दोन्ही परंपरांच्या कथाकारांना आळ घेणारी व्यक्ती स्त्रीच हवी असते, हेही नोंदवून ठेवावे. मेत्तियेला संघातून काढले ते न्याय्य होते काय, यावर पुढे सिंहलद्वीपात महाविहार व अभयगिरी यांच्यात वाद माजला, आणि समन्तपासादिकेच्या सांगण्याप्रमाणे तो मिटवायला भातिय राजाला आपला अमात्य नेमावा लागला. संघाला राजाची गरज नव्हती म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.)

आता अग्गञ्ञ सुत्ताकडे वळू. दीघनिकायातील या सत्ताविसाव्या सुत्ताचा हवाला राजसंस्थेच्या उत्पत्तीसाठी नेहमी दिला जातो. पण त्यातील घटनांचा क्रम बहुधा लक्षात घेतला जात नाही. मानव रोजचे तांदूळ रोज आणीत. एका आळशाने सकाळ-संध्याकाळचे एकदम आणले, दुसऱ्याने दोन दिवसांचे, आणखी कोणी चार दिवसांचे, आणि साठवण सुरू झाली. तांदळावर कोंडा व भूस आले, कापलेले पुन्हा उगवेना, म्हणून शेते वाटून बांध घातले गेले. मग एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. लोकांनी त्याला पकडून बजावले, सोडून दिले. त्याने पुन्हा चोरले. तिसऱ्या वेळी कोणी त्याला हातांनी मारले, कोणी ढेकळांनी, कोणी काठीने. सुत्त म्हणते, तेव्हापासून चोरी, निंदा, खोटे बोलणे आणि दंड देणे या गोष्टी जगात आल्या. यानंतर, आणि यानंतरच, लोक एकत्र जमतात व आपल्यातील एकाला निवडतात: ज्याच्यावर रागवायचे त्याच्यावर तू योग्य रीतीने रागव, ज्याला घालवायचे त्याला घालव, आम्ही तुला तांदळाचा वाटा देऊ. तोच महासंमत.

येथे दंड राजाच्या अगोदर आहे. महासंमताने दंड जगात आणला नाही. दंड आधीच होता, हात, ढेकूळ, काठी अशा तीन रूपांत, आणि तो प्रत्येकाच्या हाती होता. महासंमताच्या निवडीने एवढेच झाले की तो सर्वांच्या हातातून काढून, करार करून, मोबदला देऊन, एकाच्या हाती ठेवला गेला आणि त्याला 'योग्य रीतीने' अशी अट घातली गेली. हा क्रम नजरेसमोर ठेवला तर 'शासन नव्हते तेव्हा दंड नव्हता' हे विधान बौद्ध परंपरेला मान्य होण्यासारखे नाही. शासन नसलेल्या समाजात दंड नाहीसा होत नाही. तो जमावाकडे जातो.

पण संघ? गीताच्या शेवटी लिंगो निघून जातो. नदी ओलांडताना मगराने दगा दिला व कासवाने तारले, त्या कासवाला दिलेले वचन पाळा, असे सांगून तो लोकांना दुसरीकडे पाहायला लावतो आणि अदृश्य होतो. मागे कोणी वारस नेमत नाही. तथागतांनीही नेमला नाही. मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात मगधाचा महामात्य वस्सकार आनंदाला नेमके हेच विचारतो: भगवंतांनी आपल्यानंतर तुमचा आधार म्हणून कोणी नेमला आहे काय? संघाने कोणी निवडला आहे काय? नाही, असे उत्तर मिळते. मग या एकोप्याचे कारण काय? आनंद सांगतो, आम्ही आधारहीन नाही, धम्म आमचा आधार आहे. आणि लगेच तो उपोसथाची गोष्ट काढतो. एका गावाच्या आश्रयाने राहणारे सर्व भिक्खू त्या दिवशी एकत्र येतात, पातिमोक्ख म्हणतात, कोणाकडून दोष घडला असेल तर नियमाप्रमाणे कारवाई करतात. हा 'लगेच' महत्त्वाचा आहे. केवळ सद्भावनेवर संघ चालतो असे आनंद म्हणत नाही; तो पंधरवड्याच्या सभेकडे बोट दाखवतो. संघात अधिपती नाही, पण ज्ञप्ती आहे, ठराव आहे, शलाकांनी मतगणना आहे, बहुमताचा निर्णय आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच कार्यपद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता.

आणि हा संघ कोठे राहत होता? गोपकमोग्गल्लान सुत्ताच्या आरंभीच अजातशत्रू राजा प्रद्योताच्या भयाने राजगृहाची तटबंदी दुरुस्त करून घेत आहे. अधिपतीविना चालणाऱ्या संघाची ही चर्चा अशी एका राजाच्या तटाच्या सावलीत झाली आहे. राजाचे सैनिक व कर्जदार यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम विनयात आहेत, बिंबिसाराच्या विनंतीवरून वर्षावासाचा काळ बदलण्यास अनुज्ञाही आहे. कोसंबीचे भिक्खू भांडले तेव्हा प्रत्यक्ष तथागतांचेही त्यांनी ऐकले नाही. ते भांडण मिटले कशाने? गावच्या उपासकांनी भिक्षा बंद केली म्हणून. पुढे संघात फूट पाडणाऱ्यांना पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर काढावे, हे सांगायला अशोकाला सांची, सारनाथ व कोसंबीच्या स्तंभांवर लेख कोरावे लागले. सांगायचे ते असे की, संघ हा शासनाशिवाय चाललेला समाज नव्हे. तो स्वतःपुरता दंडाशिवाय चाललेला, आणि ज्याच्या बाहेर पडण्याचे दार नेहमी उघडे होते असा, निवडक लोकांचा समुदाय होता. चीवर उतरवून भिक्खू घरी जाऊ शकत असे. आपल्या जातीतून किंवा गावातून माणूस असा जाऊ शकत नाही. ही तफावत नजरेआड करून संघाचा दाखला गावाला लावणे हा तर्कदोष आहे.

या तफावतीचा अर्थ आमच्या समाजाएवढा कोणाला कळावा? तथागतांनी छन्न भिक्खूला ब्रह्मदंड सांगितला: त्याने हवे ते बोलावे, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये. काठी नसलेला हा दंड. छन्नाला त्याने सुधारले. पण न बोलण्याचा हाच दंड गावाच्या हाती आला म्हणजे त्याचे काय होते? मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या त्या समितीने १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे वर्णन केले आहे: शेत नाही, मजुरी नाही, दुकानातला जिन्नस नाही, चालायला रस्ता नाही. यासाठी कोणा राजाचे फर्मान लागत नव्हते. गावात पोलीस पाटील असो वा नसो, बहिष्कार चालत होता. सरकार दुबळे असेल तेथे अधिकच चालत होता. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी तरतूद सुचवली. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा, आणि तो अमलात आला २०१७ साली. मधली सत्तर वर्षे मोजावीत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म व शासन यांचा संबंध जसा मांडला आहे, तसा तो आमच्या वाचनात अन्यत्र आलेला नाही. एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म आलाच, असे ते म्हणतात. मग समाजापुढे तीन पर्याय उरतात. धम्मच नको म्हणावे, तर अराजक. पोलिसाला शासनाचे साधन करावे, तर हुकूमशाही. तिसरा पर्याय धम्म, आणि धम्म जेथे पाळला जात नाही तेथे दंडाधिकारी. पहिल्या दोहोंत स्वातंत्र्य नष्ट होते, तिसऱ्यात ते टिकते. मार्क्सवाद्यांना त्यांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखात हाच सवाल घातला होता: राज्यसंस्था विरून गेल्यावर तिच्या जागी काय येणार? हा तिसरा पर्याय वाचताना 'धम्म' या शब्दावर आपण इतके थांबतो की दंडाधिकाऱ्याचा आपल्याला विसर पडतो. आमच्या विहारांतून होणाऱ्या प्रवचनांत तो शब्द आम्ही क्वचितच ऐकला आहे.

ज्या मुलखात कचारगड आहे, तेथे या तीन पर्यायांची परीक्षा कागदावर झालेली नाही. सालेकसा तालुका, शेजारचा गडचिरोली जिल्हा आणि पलीकडचा बस्तर येथे नक्षलवाद्यांनी अनेक वर्षे आपली समांतर सत्ता चालवली. बस्तरात तिला 'जनताना सरकार' असे नाव होते. जनअदालतीत खबऱ्या ठरवून गावकऱ्यांना मारण्यात आले, आणि मरणारे बहुतेक आदिवासीच होते. दुसऱ्या बाजूला छत्तीसगड सरकारने सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांच्याच हाती बंदुका दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. अग्गञ्ञ सुत्ताच्या भाषेत बोलायचे तर महासंमताने आपल्या हातचा दंड पुन्हा लोकांत वाटून टाकला. एका बाजूस शासन उलथवणारे, दुसऱ्या बाजूस खुद्द शासन; दोघांनीही चार भावांचाच न्याय केला.

मग कचारगडच्या परंपरेतून घेण्यासारखे काहीच नाही काय? येथे आम्हांला आपल्याच बाजूची एक गोष्ट बोलली पाहिजे. मे १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नावरील आपली योजना मांडली. तीत आदिवासींना त्यांनी प्रतिनिधित्वातून वगळले. त्यांच्यात राजकीय जाणीव अद्याप विकसित झालेली नाही, असे कारण दिले. पुढे दीड वर्षाने, १९ डिसेंबर १९४६ रोजी, संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी सुनावले की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. बाबासाहेबांच्या विधानाची कारणे त्या काळच्या सौदेबाजीत शोधता येतील. तथापि ते विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांनी राजा नसताना साडेसातशे गोत्रांची सोयरीक सांभाळली, त्यांच्यात राजकीय जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. आणि ज्यांना राजे हवे होते तेव्हा त्यांनी तेही केले: गढा, देवगड, चांदा. नागपूर वसवणारा बख्त बुलंद गोंडच होता. चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांनी १७५१ साली घेतले. तेव्हा 'कोया समाजाला राजा ठाऊकच नव्हता' हेही खरे नाही, आणि 'त्यांना राज्यकारभार ठाऊक नव्हता' हेही नाही.

जयपालसिंगांचे म्हणणे पारखून पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे जावे. या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या सहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा होते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. ती उद्धृत करणारे उत्साही लोक तिचा उत्तरार्ध मोठ्याने म्हणतात. पूर्वार्ध तितकाच अर्थपूर्ण आहे: दिल्ली-मुंबईचे सरकार परके नाही, तेही 'आमचे' आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. म्हणजे शासनाशिवाय चालणाऱ्या समाजाचे उदाहरण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, ते गाव शासनाकडून कायदा मागून, तो शासनाला पाळायला लावून उभे राहिले आहे. त्याने शासन नाकारले नाही. गावापुरता दंड व भांडार दोन्ही सभेच्या ताब्यात घेतले. वैशालीचे वज्जी फार दूरचे वाटू नयेत. वारंवार एकत्र जमणे, एकत्र बसणे, एकत्र उठणे ही त्यांच्या अभ्युदयाची लक्षणे तथागतांनी सांगितली. वज्जींचा पुराणा धम्म म्हणजे काय, हे सांगताना अट्ठकथा आरोपीला कसे वागवीत ते सविस्तर वर्णन करते: पकडलेला मनुष्य विनिच्चय-महामत्तांकडे, तेथून पुढच्या अधिकाऱ्यांकडे, सेनापतीकडे, उपराजाकडे, शेवटी राजाकडे जाई. कोणत्याही टप्प्यावर निर्दोष आढळला तर सोडून देत, आणि दोषी ठरला तरच राजा परंपरेच्या पोथीत पाहून शिक्षा सांगे. या गणाचा नाश पुढे त्याच वस्सकाराने केला, तो लोकांत एकमेकांविषयी संशय पेरून.

सहमतीच्या सभेविषयी आमच्या मनात एक शंका राहतेच, आणि ती मेंढ्यापुरती नाही. सर्वांची सहमती म्हणजे ज्याचे मत वेगळे आहे त्याचीही सहमती. ती समजूत घालून मिळाली की मिळवली, हे बाहेरच्याला दिसत नाही. गावात ज्याचे एकच घर आहे, जी विधवा आहे, ज्याने सगाबाहेर किंवा जातीबाहेर लग्न केले आहे, त्याने हात वर केला यावरून काय समजायचे? विनयात मौन ही संमती मानली आहे खरी, पण त्याआधी ठराव तीन वेळा मांडून विचारावे लागते, आणि गैरहजर राहणाऱ्या आजारी भिक्खूचा 'छंद' म्हणजे मत आणावे लागते. एवढा खटाटोप कशासाठी, ते छन्नाला आणि दब्बाला ठाऊक असावे.

१९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला वाद मिटवण्याची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे. ती रूढ पद्धत कोणती, तीत आरोप झालेल्या माणसाला समोर उभे करून विचारले जाते काय, स्त्रीला बोलू दिले जाते काय, दंड भरल्यावर त्याला पुन्हा पंगतीत घेतात काय, हे कचारगडच्या परिसरातील गावागावांतून नोंदवून काढण्याचे काम गोंडी भाषा जाणणाऱ्या अभ्यासकांचे आहे. लिंगोच्या वधाचे गीत रात्रीच्या बैठकीतून उतरवून घेण्याचेही. चुल्लवग्गातील समथक्खंधक, ज्यात दब्बाची कथा आणि वाद मिटवण्याच्या सातही पद्धती आहेत, तो सुबोध मराठीत करून त्यांच्या हाती देण्याचे काम आमचे आहे. पुढील माघ पौर्णिमेपर्यंत त्याचा पहिला खर्डा धनेगावला नेण्याचा आमचा विचार आहे.